नाव १०१, अंग १०२ : एका पोर्टेबल ग्रामोफोनची ओळखपरेड

यंत्रासोबत आलेल्या चिठ्ठीवर दुकानदाराने लिहिलं होतं : ‘एचएमव्ही १०१, १९२५, ओरिजिनल, चालू’. मुंबईच्या जुन्या बाजारातून घेतलेलं यंत्र. काळ्या रेक्झिनची पेटी, उजव्या अंगाला चावीचं भोक, झाकणाच्या आत कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचं झळझळीत सोनेरी चित्र, साउंडबॉक्सवर, म्हणजे सुईची थरथर आवाजात बदलणाऱ्या गोल डबीवर, ‘नं. ४’ असं कोरलेलं. मालक पुण्याचे आहेत. त्यांचे तीन प्रश्न होते : हे खरंच १०१ मॉडेल आहे का, किती जुनं आहे, आणि परदेशात राहणाऱ्या मुलाकडे पाठवता येईल का. तिसऱ्याचं उत्तर दुसऱ्यावर अवलंबून आहे, हे पुढे येईलच.

यंत्र चालू आहे म्हटल्यावर पहिला मोह होतो तो चावी देऊन तबकडी लावायचा. तो आवरावा. आतली स्प्रिंग कोणत्या अवस्थेत आहे, गव्हर्नरची (मोटरचा वेग एकसारखा राखणाऱ्या भागाची) वजनं जागेवर आहेत का, वंगण किती सुकलंय हे न बघता पूर्ण चावी दिली आणि काही तुटलं, तर मूळचं काय नि आपण मोडलेलं काय हे नंतर सांगता येत नाही. इथे आधी सगळ्या बाजूंनी फोटो घेतले. झाकण बंद, झाकण उघडं, तबकडी ठेवायची थाळी काढून, आणि प्रत्येक स्क्रूचं डोकं जवळून. स्क्रूच्या फोटोंचा उपयोग सर्वांत जास्त झाला.

चिठ्ठीतला दावा कशावर उभा आहे ते आधी पाहू. ‘हिज मास्टर्स व्हॉइस’, म्हणजेच एचएमव्ही, या नावाने यंत्रं विकणाऱ्या ग्रामोफोन कंपनीने १०१ हे पोर्टेबल १९२५ साली बाजारात आणलं. सुरुवातीच्या १०१ला चावी पुढच्या बाजूने होती, नंतरच्यांना उजव्या बाजूने. १९३१मध्ये त्याची जागा १०२ने घेतली. १०२ मात्र पुढे १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बनत राहिलं. म्हणजे १०१ला जेमतेम सहा वर्षं मिळाली आणि १०२ला पंचवीसहून जास्त. संग्राहकांना पुढून चावीचं १०१ हवं असतं, लाल, निळं किंवा हिरवं असलं तर आणखीच. काळं १०२ दुर्मीळ नाही. ते उत्तम यंत्र आहे, बहुतेकांच्या मते या कंपनीचं सर्वांत चांगलं पोर्टेबल, पण दुर्मीळ नाही. दुकानदाराने १०१ का लिहिलं याचं उत्तर एवढ्यात मिळतं.

चुकीची पाटी लावायला एक सोपी वाटही आहे. १०१वर नं. ४चा साउंडबॉक्स असे. १०२वर सुरुवातीला नं. १६, पुढे ५ए आणि ५बी. साउंडबॉक्सवर नंबर ठळक कोरलेला असतो, गिऱ्हाईक पहिल्यांदा तोच वाचतं, आणि तो भाग काढायला-घालायला मिनिटभर पुरतो. पोर्टेबलमधला सगळ्यांत कमी विश्वासाचा भाग म्हणजे साउंडबॉक्स. तरी बहुतेक लोक ओळख तिथूनच सुरू करतात. आम्ही त्याच्याकडे शेवटी वळतो.

पेटी आणि मुलामा

चावीचं भोक उजवीकडे. यावरून १०१ बाद होत नाही, कारण नंतरच्या १०१ची चावीही तिथेच असते. पण ‘१९२५’ या आकड्याला पहिला धक्का बसतो. पुढचं भोक बुजवून नंतर बाजूला पाडलं असेल का, ही शंका राहू नये म्हणून अंधाऱ्या खोलीत पुढच्या भिंतीवर टॉर्च अगदी तिरपा धरला. बुजवलेलं भोक रेक्झिनखाली खळगा किंवा उंचवटा म्हणून दिसतंच. इथे पृष्ठभाग सपाट. वरची फळी उचलल्यावर पुढच्या भिंतीचं लाकूड आतून पाहिलं, तेही अखंड, एकसारखं काळपटलेलं. चावीच्या भोकाच्या कडा आतून जुन्या, गुळगुळीत, तेल मुरलेल्या. हे भोक कारखान्यातलंच.

मग मुलामा. निकेल किंचित पिवळसर, ऊबदार रंगाचं असतं आणि वर्षानुवर्षांनी धुरकट होतं. क्रोम निळसर, थंड, आणि गेलं तर पापुद्रे किंवा बारीक टिंबं होऊन जातं. दोन्ही शेजारी पांढऱ्या कागदावर ठेवून दिवसाच्या उजेडात पाहावं. पिवळ्या बल्बखाली फसायला होतं. क्रोमचा मुलामा व्यापारी प्रमाणावर पसरला तो १९२०च्या दशकाच्या अगदी शेवटी. या यंत्राची कुलुपं, कोपरे, थाळीची कड, टोनआर्म (साउंडबॉक्स धरणारी वाकडी नळी), ब्रेकची दांडी हे सगळं क्रोमचं. एकटा साउंडबॉक्स निकेलचा. एका यंत्रात दोन मुलामे दिसले की जो भाग एकटा पडलाय तो पाहुणा, असं धरून पुढे जायला हरकत नाही. उलटा हिशेब करायचा तर आठ-दहा भाग बाहेरून आणले आणि साउंडबॉक्स तेवढा मूळचा राहिला, असं मानावं लागेल.

कुलुपाच्या पट्टीखालचं रेक्झिनही बघून घ्यावं. स्क्रू सैल करून पट्टी अर्ध्या मिलिमीटरने उचलली तरी पुरते. रंगीत यंत्रांना जास्त भाव मिळतो म्हणून काळ्या पेट्यांवर लाल रेक्झिन चढवलेलं सापडतं, आणि कुलुपाखाली काळं डोकावतं. या पेटीच्या झाकणावर मूळ काळं कापड आहे. तळाला आणि उजव्या भिंतीच्या खालच्या अर्ध्यावर मात्र नवं चिकटवलंय. दोहोंतला फरक वरून दिसत नाही, उलट बाजूने दिसतो. जुन्या कापडाची पाठ विणलेल्या सुती कापडाची, नव्याची पाठ बनियनसारखी गुंफलेली. सुटलेल्या टोकाचा एक धागा चिमट्यात धरून जाळला. सुती धागा कागदासारखा वास सोडून राख होतो, पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी होतो. इथे मणी झाला. जुन्या भागाखाली तपकिरी, ठिसूळ सरस होता, नव्या भागाखाली पांढरा, रबरी डिंक. तळ कुजल्यामुळे दुरुस्ती केली असावी. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या घरात पेटी जमिनीवर ठेवली की चार पावसाळ्यांत तळाचं हे होतंच. ही दुरुस्ती फसवणूक नव्हे, पण ‘ओरिजिनल’ या शब्दाला ती छेद देते.

कुत्र्याचं चित्र

मूळ चित्र हस्तांतरणाने, म्हणजे कागदावरची छपाई दाबून पृष्ठभागावर उतरवून, उमटवलेलं असतं. सोनेरी रेषा सलग, धातूच्या पुडीची, आणि कापडाच्या पोतात बसलेली. दहा पटीच्या भिंगाखाली रेषा अखंड दिसते. इथे भिंगाखाली पिवळे, तपकिरी, काळे ठिपके दिसले. हे संगणकीय छपाईचं काम आहे. नख फिरवल्यावर कडेला हलकी पायरी लागते, म्हणजे प्लास्टिकचा स्टिकर. अतिनील टॉर्चखाली चित्राची पांढरी जागा निळसर चमकली. आजच्या कागदा-प्लास्टिकमध्ये उजळपणासाठी घातलेली द्रव्यं अशी चमकतात, त्या काळच्या छपाईत ती नव्हती. आजूबाजूचं अस्तर मात्र जुनं आहे आणि स्टिकरच्या एका कडेखाली धूळ अडकली आहे. म्हणजे अस्तर बदललेलं नाही. मूळ चित्र झिजून गेलं असावं आणि त्या जागी हे आलं असावं.

स्टिकर ओढून काढायचा नाही. खाली मूळ चित्राचा अवशेष असू शकतो. हेअर ड्रायरने दुरून, मंद आचेवर डिंक मऊ करून, प्लास्टिकच्या पट्टीने एका कोपऱ्यापासून उचलत न्यायचा. अस्तर ताणलं जातंय असं दिसलं की थांबायचं.

फळीचा खाका

मॉडेल ठरवणारा पुरावा इथे मिळाला, आणि तो मिळवायला एक ट्रेसिंग पेपर नि पेन्सिल पुरली.

पोर्टेबलची वरची फळी कारखान्यात साच्यावर पाडलेली असते. थाळीची दांडी, टोनआर्मचा पाया, ब्रेक, वेग कमी-जास्त करायचा खटका, सुयांची वाटी, पेटीत दडलेल्या कर्ण्याचं तोंड आणि फळी पेटीला धरणारे स्क्रू या सगळ्यांच्या जागा एकमेकांशी बांधलेल्या असतात. साउंडबॉक्स बदलता येतो, मोटरही बदलता येते, पण सगळी भोकं सरकवायची तर फळीच नवी करावी लागते. आणि तेवढे कष्ट घेणारा माणूस नुसत्या चिठ्ठीवर भागवणार नाही.

थाळी काढून फळीवर ट्रेसिंग पेपर ताणला आणि चारही कोपरे चिकटपट्टीने पक्के केले. भोकांचे मध्य पेन्सिलीने, कर्ण्याच्या तोंडाच्या कडा शिसं घासून उमटवल्या. हा खाका नंबराची पट्टी शाबूत असलेल्या एका १०१वर आणि तशाच एका १०२वर ठेवून पाहिला. १०१वर दांडी जुळवली की टोनआर्मचा पाया जुळत नाही, पाया जुळवला की कर्ण्याचं तोंड भलतीकडे जातं. १०२वर सगळ्या खुणा मिलिमीटरच्या आत बसल्या. पट्टीच्या दोन बारीक भोकांची जागाही जुळली. या यंत्रावर ती पट्टी नाही. भोकं आहेत, त्यांच्याभोवती कमी फिकटलेला आयत आहे, पण पट्टी काढून टाकलेली.

ती कोणी नि का काढली ते माहीत असायची गरज नाही. मात्र पट्टीवर मॉडेलचा आकडा आणि त्यापुढचं अक्षर असतं, आणि ती जागेवर असती तर १०१ हा दावा टिकला नसता, एवढं खरं.

ब्रेकचीही एक गोष्ट. या यंत्राला आपोआप लागणारा ब्रेक आहे : तबकडी संपताना टोनआर्म आतल्या चरात झपकन सरकतो आणि थाळी थांबते. १०२ला तो सहसा असतो. नुसत्या ब्रेकवरून मॉडेल ठरवू नये, कारण ब्रेक नंतर बसवता येतो. त्याची भोकं मागाहून पाडली असतील तर आत उजळ लाकूड दिसतं आणि खालच्या बाजूला तुसं निघालेली असतात. इथे भोकांच्या आतलं लाकूड बाकी फळीइतकंच काळं होतं. ब्रेक फळीइतकाच जुना.

मोटर

मोटर काढण्याआधी स्प्रिंग पूर्ण उतरू द्यावी लागते. थाळी फिरत राहू द्यायची, आपोआप थांबेपर्यंत. नंतर चावी हलकेच उलट सोडून खात्री करायची. चावी भरलेली असताना गव्हर्नर सैल केला तर दात्यांवर सगळा जोर एकदम येतो, मोटर सुसाट सुटते आणि दाते खाल्ले जातात. बोटं मध्ये असली तर बोटंही.

मोटर ब्रिटिश, दर्जेदार आणि या फळीला शोभणारी. ही खात्री करावी लागते, कारण असंख्य पोर्टेबलमध्ये स्वित्झर्लंडच्या सेंट क्रॉ भागातल्या थोरेन्स किंवा पायार्डच्या मोटरी मूळच्याच असतात, आणि आपल्याकडे कोणतीही मोटर कोणत्याही पेटीत बसवायची पद्धत होती. शिवाय भारतात पोर्टेबलच्या मोटरींना वेगळंच गिऱ्हाईक आहे. पितळी कर्णा लावलेले जे नवे ‘अँटिक’ ग्रामोफोन पर्यटकांना विकले जातात, त्यांच्या लाकडी डब्यात बऱ्याचदा एखाद्या पोर्टेबलची मोटर, थाळी आणि साउंडबॉक्स असतो. उरलेली रिकामी पेटी मग मिळेल त्या भागांनी भरून पुन्हा बाजारात येते. १०२सारखं भरपूर बनलेलं यंत्रही पूर्ण, एकजिनसी अवस्थेत मिळणं दिवसेंदिवस कठीण होतंय, त्याचं हे मोठं कारण.

या मोटरीला धरणाऱ्या स्क्रूंपैकी एक चौकडीच्या खाचेचा निघाला. तसे स्क्रू १९३०च्या दशकाच्या मध्यानंतर वापरात आले आणि या कंपनीच्या मूळ जोडणीत सरळ खाचेचेच दिसतात. बाकीचे सरळ खाचेचे, बीए (ब्रिटिश असोसिएशन) या जुन्या मापाच्या आट्यांचे. जुन्या ब्रिटिश यंत्रांत ही बीए मापं लक्षात ठेवावी लागतात, कारण हार्डवेअरच्या दुकानात मिळतात ते मेट्रिक स्क्रू. २ बीएचा व्यास ४.७ मिलिमीटर, आट्यांमधलं अंतर ०.८१. मेट्रिक एम ५चा व्यास ५, अंतर ०.८. अंतर जवळजवळ सारखं असल्यामुळे एम ५ त्या भोकात जोर करून शिरतो, पकडतोही, आणि जाताना भोकाचे मूळ आटे ओरबाडून टाकतो. ओतीव भाग असेल तर तडा जातो. इथे नेमकं तेच झालंय : भोकाच्या तोंडाशी ताज्या धातूची कड उठली आहे, सुदैवाने तडा नाही. उपाय म्हणजे एम ५ काढून भोकातला कीस साफ करणं आणि थोडा लांब २ बीए स्क्रू लावणं, जेणेकरून तो तळच्या न बिघडलेल्या आट्यांना धरेल. ४ बीएसाठीही (३.६ मिलिमीटर, अंतर ०.६६) एम ४ घुसवला जातो. नुकसान तसंच.

चावी देताना मधूनच पेटीत ‘धप्’ असा आवाज येऊन हाताला झटका बसत होता. स्प्रिंग तुटली की चावी फुकट फिरते, तसं इथे नव्हतं. हे सुकलेल्या ग्रीसचं लक्षण. डबीतल्या स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटून राहतात आणि ताण वाढला की एकदम सुटतात. वरून तेल सोडून उपयोग नाही. तेल पातळ, ते गळून फळीच्या लाकडात आणि थाळीखालच्या कापडात जातं, वेढ्यांमध्ये राहत नाही. डबी उघडून स्प्रिंग बाहेर काढणं, रॉकेलने धुणं, पुसून ग्राफाइटयुक्त ग्रीस लावणं आणि परत भरणं हाच मार्ग. स्प्रिंग डबीतून सुटताना चाबकासारखी उसळते. जाड चामड्याचे हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, आणि पहिल्या खेपेला जाणता माणूस शेजारी हवा. नवी स्प्रिंग मागवायची वेळ आलीच तर मॉडेलच्या नावावर मागवू नये. रुंदी, जाडी, लांबी व्हर्नियर कॅलिपरने मोजावी, आणि बाहेरच्या टोकाला भोक आहे की आकडा तेही लिहावं. बदललेल्या मोटरी इतक्या आहेत की नावावरून मागवलेली स्प्रिंग बसेलच याचा भरवसा नाही.

गव्हर्नरची तिन्ही वजनं जागेवर, पण एका पातळ पट्टीला स्क्रूजवळ केसाएवढी चीर. अशी चीर असली की थाळी फिरताना गुरगुर येते आणि लांब सुरांत कंप ऐकू येतो. पट्टी बदलताना तिन्ही एका जाडीच्या घ्याव्यात. एकच नवी घातली तर वजनं असमान पसरतात आणि कंप आणखी वाढतो.

वेग शेवटी तपासला. ७८ फेऱ्यांसाठी आपल्याकडच्या ५० हर्ट्झच्या विजेवर ७७ रेघांची स्ट्रोब चकती लागते. ती थाळीवर ठेवून दिव्याखाली फिरवली आणि रेघा स्थिर दिसल्या की वेग बरोबर. इंटरनेटवरून ९२ रेघांची उतरवली तर ती अमेरिकेतल्या ६० हर्ट्झची, आपल्याकडे चुकीचा वेग दाखवील. बरेच एलईडी दिवे लुकलुकत नाहीत म्हणून त्यांच्याखाली रेघा स्थिर होत नाहीत. जुना निऑन टेस्टर किंवा साध्या चोकची ट्यूबलाइट बरी. स्ट्रोब नसेल तर थाळीच्या कडेला कागदाचा कपटा लावून मिनिटभर फेऱ्या मोजाव्यात, पण त्या तबकडीवर सुई टेकलेली असताना. सुईच्या ओढीने वेग किती पडतो, हेच तर बघायचं असतं. तीन मिनिटांची बाजू म्हणजे २३४ फेऱ्या. भरलेल्या चावीत दहा इंची तबकडीची एक बाजू वेग न पडता पूर्ण व्हायला हवी.

आता साउंडबॉक्स

नं. ४ अस्सल आहे. अभ्रकाचा पडदा शाबूत, फक्त कडेला पापुद्रा सुटल्याची चंदेरी छटा. पडद्याच्या दोन्ही बाजूंच्या रबरी नळ्या दगडासारख्या झाल्यात. असं रबर पडद्याला हलू देत नाही, आवाज पातळ नि कर्कश येतो, आणि मोठ्या सुराला खरखर होते. ‘चालू’ म्हणजे हे असं चालू. नवी मऊ नळी घालताना तिची टोकं जिथे भिडतात तिथे फट राहू नये. बसवल्यावर साउंडबॉक्सच्या मानेला ओठ लावून हलकेच श्वास ओढावा. हवा सहज येत राहिली तर कुठेतरी गळती आहे.

दुरुस्त केल्यावरही तो या यंत्रावर ठेवावा असं आम्हाला वाटत नाही. १०२चा टोनआर्म आणि कर्णा नंतरच्या, धातूच्या पडद्याच्या साउंडबॉक्ससाठी जुळवलेले आहेत. अभ्रकावर वाजेल, पण खालचे सूर निम्मे हरवतील. मालकांना सल्ला दिला तो असा की नं. ४ जपून ठेवा, कोणा १०१वाल्याला तो हवाच असेल, आणि बदल्यात १६, ५ए किंवा ५बी मिळवा. या यंत्रावर मूळचा नेमका कोणता होता हे पट्टीवरच्या अक्षराने सांगितलं असतं.

बदली साउंडबॉक्स घेताना जस्ताच्या ओतीव भागांवर नजर ठेवावी. त्या काळच्या मिश्रधातूत शिसं किंवा कथील थोडं जरी मिसळलं गेलं, तरी दमट हवेत धातू कणाकणांच्या सीमांवरून गंजतो, फुगतो, मग त्याला जाळीदार भेगा पडतात. त्यावर उपाय नाही. असा भाग चिकटवून किंवा रंगवून विकायला ठेवलेला असतो. मागची बाजू तिरप्या उजेडात पाहावी, कडा गोल आहे की फुगून वाकडी झालीय ते व्हर्नियरने दोन-तीन दिशांनी मोजावं. विकणारा मोजू देत नसेल तर घेऊ नये.

निष्कर्ष नोंदवहीत असा गेला : एचएमव्ही १०२, काळं, १९३१ किंवा त्यानंतरचं. पेटी, फळी, कर्णा, टोनआर्म, ब्रेक, मोटर मूळचे नि एकमेकांचे. साउंडबॉक्स बाहेरचा, नं. ४. झाकणातलं चित्र आधुनिक स्टिकर. तळ आणि उजव्या भिंतीचा खालचा भाग नव्या रेक्झिनने झाकलेला. नंबरपट्टी गहाळ, त्यामुळे उपप्रकाराचं अक्षर सिद्ध करता येत नाही. अक्षर अंदाजाने लिहायचं नाही. पुढच्या मालकासाठी तोच अंदाज पुरावा होऊन बसतो.

किमतीबद्दल विचाराल तर या यंत्राची किंमत चांगल्या १०२ची, वजा योग्य साउंडबॉक्सची. तेवढीच मोजली असती तर सौदा वाईट नव्हता. दुर्मीळ पोर्टेबल कोणतं ते सांगायचं झालं तर वाडास बंधूंनी रचलेलं नि पायार्डने १९२०च्या दशकात बनवलेलं मिकिफोन घ्या. खिशातल्या घड्याळासारखी गोल डबी, आणि तबकडी लावायची म्हटलं की सगळं बाहेर काढून जोडायचं. तिथे पहिला प्रश्न असतो दोन तुकड्यांचा आवाजाचा डबा मूळचा आहे का. थोरेन्सचं एक्सेल्डा घडीच्या कॅमेऱ्यासारखं दिसतं, त्याची सुटी चावी आणि साउंडबॉक्स हरवलेले असतात. लंडनच्या बार्नेट सॅम्युअल कंपनीचं १९१४चं डेक्का पहिल्या महायुद्धात खंदकांपर्यंत पोहोचलं होतं, त्याच्या झाकणातली आवाज परतवणारी वाटी तपासायची. या यंत्रांत सुटा भाग गेला की तो मिळत नाही, १०२चा मात्र शोधला की मिळतो.

आता परदेशी पाठवण्याचं. आपल्या १९७२च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षं किंवा त्याहून जुन्या वस्तूंची व्याख्या बरीच रुंद आहे. कलाकुसरीच्या वस्तूंबरोबर गतकाळच्या विज्ञानाचं दर्शन घडवणाऱ्या वस्तूही तीत येतात, आणि अशी वस्तू खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे विकताना भाव वाढवणारं ‘१९२५’ कस्टमच्या टेबलावर अडचण होऊन बसतं. १०२ १९३१च्या आधी नव्हतंच, त्यामुळे हे यंत्र आज त्या मर्यादेच्या अलीकडे आहे. तरी शंका आल्यास अधिकारी थांबवू शकतात, म्हणून भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र आधी घ्यावं. अर्जासोबत सगळ्या बाजूंचे फोटो, फळीचा खाका आणि वरची नोंद जोडायची. दुकानदाराची चिठ्ठी जोडायची नाही, पेटीत तर मुळीच ठेवायची नाही.

पाठवताना स्प्रिंग पूर्ण उतरवलेली असावी. साउंडबॉक्स काढून वेगळ्या डबीत, थाळी काढून कापडात गुंडाळून पेटीबाहेर. दांडीवर तशीच ठेवली तर धक्क्याने दांडी वाकते. टोनआर्म जागेवर सुती फितीने बांधावा, चिकटपट्टीने नव्हे, ती क्रोम उचलते. चावी पेटीत सुटी ठेवू नये. सुया सोबत द्यायच्या तर पोलादी, आणि मुलाला लिहून कळवायचं की दर बाजूला नवी सुई लावायची आणि फक्त ७८च्या लाखेच्या तबकड्या वाजवायच्या. शंभर ग्रॅमहून जास्त वजन त्या टोकावर असतं, एलपीचा चर ते एका फेरीत नांगरून काढतं.